उन्हाळ्यात हवा कमी करू नका: कारच्या टायरची हवा मोजायची, भरायची आणि सांभाळायची रीत

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडच्या पंपांवर हवा भरणारं पोरगं हमखास विचारतं, "भाऊ, ऊन भलतं से, दोन-तीन पाऊंड कमीच ठेवू का?" आणि आपण मान डोलावतो. पारा ४४-४५ वर गेलेला, डांबर पाघळलेलं. आत हवा तापणार, फुगणार, टायर फुटणार. मग आधीच थोडी कमी केलेली बरी. हा हिशेब ऐकायला बिनचूक वाटतो आणि तो नेमका उलटा आहे.

कमी हवेचा टायर जमिनीवर जास्त पसरतो. चाक फिरताना त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि पुन्हा सरळ होते. ताशी १०० च्या वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं, म्हणजे ही दाबादाबीही तितक्याच वेळा. लोखंडी तार हातात धरून वाकवत राहिलो तर ती तापते, तसंच रबराचं होतं. वरून ऊन, खालून तापलेला रस्ता आणि आतून ही घुसळण. यात भिंत हार मानते आणि टायर फाटतो. हवा तापून वाढणारे पाच-सहा पीएसआय (आपले पाऊंड) टायर सहज पेलतो. कंपनीने ठरवलेल्या आकड्यात ती वाढ आधीच गृहीत असते.

पुढचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने करा. बहुतेकांची चूक क्रमातच होते: आधी हवा भरतात, आकडा मागून शोधतात आणि तोही चुकीच्या जागी.

जवळ काय हवं: स्वतःचा हवा मोजायचा गेज, वही किंवा मोबाईल, जुनं फडकं, वाटीभर साबणाचं पाणी आणि व्हॉल्व्हच्या दोन-चार जादा टोप्या.

## टप्पा १. आपल्या गाडीचा आकडा शोधा

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, सीटच्या बाजूच्या खांबावर एक स्टिकर असतं. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतं. तिथे नसेल तर गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत बघा. सेकंडहँड गाडीचं स्टिकर बऱ्याचदा उडालेलं किंवा रंगाखाली गेलेलं असतं. मग पुस्तिकाच आधार.

स्टिकरवर चार गोष्टी वाचायच्या. टायरचा साइज, पुढच्या चाकांचा आकडा, मागच्या चाकांचा आकडा, आणि दोन-तीन माणसं असताना व गाडी पूर्ण भरलेली असताना असे दोन वेगळे रकाने. पूर्ण भाराच्या रकान्यात मागच्या चाकांची हवा बहुधा चांगलीच जास्त सांगितलेली असते. हा रकाना फारसं कोणी बघत नाही आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीला आणायला पाच माणसं, लोणच्याची बरणी आणि सामानाच्या गोण्या घेऊन गाडी निघते.

आकडा किलोपास्कलमध्ये किंवा बारमध्ये असेल तर गोंधळू नका. २२० किलोपास्कल म्हणजे २.२ बार म्हणजे ३२ पीएसआय. २३० म्हणजे ३३, २४० म्हणजे ३५, २५० म्हणजे ३६. आपण बोलताना "पाऊंड" किंवा "पॉइंट" म्हणतो तो हाच पीएसआय.

सावध: टायरच्या बाजूवर ४४ किंवा ५१ पीएसआय असा आकडा कोरलेला असतो. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तो टायर कोणत्या गाडीला लागणार हे टायरच्या कारखान्याला ठाऊक नसतं, म्हणून तो आकडा तुमच्या गाडीसाठी नाहीच. त्यावर भरली की गाडी उडते, टायर मधोमध झिजतो आणि ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते.

शेजाऱ्याच्या गाडीचा आकडाही चालत नाही, मॉडेल तेच असलं तरी. एकाच मॉडेलच्या वरच्या आणि खालच्या प्रकारात रिमचा साइज वेगळा असू शकतो आणि साइज बदलला की आकडा बदलतो.

पडताळा: सापडलेला आकडा चिकटपट्टीवर लिहून पेट्रोलच्या झाकणाच्या आत लावा. "पुढे ३३, मागे ३३, भरलेली गाडी मागे ३६" इतकं पुरे. (हे आकडे उदाहरणाचे आहेत, आपले लिहा.) पंपावरच्या पोराला तोंडी सांगण्यापेक्षा तो कागद दाखवला की वाद होत नाही.

## टप्पा २. स्वतःचा गेज घ्या

हा खर्च टाळू नका, काही शे रुपयांचा मामला आहे. पेनासारखा दांडी बाहेर येणारा गेज स्वस्त पण वाचायला अवघड, डायलचा बरा, डिजिटल सगळ्यात सोयीचा. जो घ्याल तो ६० पीएसआयच्या आसपास संपणारा घ्या.

याला कारण आहे. आपल्याकडे गावातल्या पंक्चरच्या दुकानात एकच कॉम्प्रेसर ट्रॅक्टर, आयशर, ट्रक आणि कार या सगळ्यांना हवा भरतो. ट्रकच्या टायरला शंभराच्या वर लागते, म्हणून तिथल्या गेजची तबकडी दीडशे-दोनशेपर्यंत आखलेली असते. त्यात कारचे ३३ पीएसआय कोपऱ्यात जातात. काटा ३० वर आहे की ३५ वर, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. वर तो गेज दिवसातून दहादा जमिनीवर आपटलेला असतो. दुकानदार फसवत नसतो, त्याचं हत्यार दुसऱ्या कामाचं असतं.

पडताळा: नवा गेज आणला की एकाच टायरला लागोपाठ तीनदा लावा. तिन्ही वेळा अर्ध्या-एक पीएसआयच्या आत तोच आकडा यायला हवा. एकदा ३१, एकदा ३४ दाखवणारा गेज परत करा. गेज डॅशबोर्डवर ठेवू नका. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली त्याचा सेल आणि रबर दोन्ही जातात. सीटखाली ठेवा.

## टप्पा ३. वेळ साधा: टायर गार हवा

स्टिकरवरचा आकडा गार टायरचा आहे. गार म्हणजे फ्रिजमधला नव्हे. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा मोजण्याआधी हळू वेगात दीड-दोन किलोमीटरच्या आतच चाललेली असावी, एवढाच त्याचा अर्थ.

खान्देशात याला आणखी एक अट जोडायला हवी: ऊन लागायच्या आधी. मे महिन्यात पहाटे २७-२८ अंश असतात आणि दुपारी ४४. गाडी जागची हललीसुद्धा नाही तरी सकाळचे ३३ दुपारी साडेपस्तीसच्या पुढे जातात. साधा हिशेब असा धरा की तापमान १० अंशांनी बदललं की दीड पीएसआयच्या आसपास फरक पडतो. त्यातही गाडीच्या एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला घराची सावली असेल तर डावे-उजवे टायर वेगळे आकडे दाखवतात. मग उन्हातल्या टायरची हवा काढून "समान" करण्याचा उद्योग होतो आणि संध्याकाळी तोच टायर कमी पडतो.

म्हणून सूर्य वर यायच्या आधी, अंगणात सडा पडतो त्या वेळेला मोजा. पाच-सात मिनिटांचं काम आहे.

हिवाळ्याची गोष्ट याच्या उलट. धुळ्याकडे जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली उतरतो. मे महिन्यातल्या दुपारी ४४ अंशांत सावलीत नीट ३३ भरलेला टायर, एक कणही हवा न गळता, १० अंशांच्या पहाटे २८ दाखवेल. शिवाय रबरातून दर महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप झिरपतात ते वेगळेच. दिवाळी झाल्यावर पहिली कडक थंडी पडते त्या आठवड्यात टायरचा पिवळा दिवा लागल्याच्या तक्रारी येतात, त्या यामुळेच. तेव्हा पंक्चर शोधत बसण्याआधी हवा भरून बघा.

सावध: तापलेल्या टायरची हवा कधीही काढू नका. या एका वाक्यासाठी बाकीचा लेख विसरलात तरी चालेल. ही चूक मी स्वतः केली आहे. जळगावहून धुळ्याला, नव्वदेक किलोमीटर मे महिन्याच्या दुपारी चालवून एका पंपावर हवा बघितली तर ३८. "जास्त झाली भाऊ," म्हणत पोराने ३२ वर आणली आणि मी त्याला दहा रुपये दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे गार टायर मोजला तर साडेसत्तावीस. ते ३८ म्हणजे सकाळचे ३३ च होते.

## टप्पा ४. मोजा

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून. व्हॉल्व्हची टोपी काढा आणि खिशात ठेवा, जमिनीवर ठेवलेली टोपी मातीत हरवते. व्हॉल्व्हच्या तोंडाला काळ्या मातीचा लपका असेल तर फडक्याने पुसा. आपली काळी माती वाळली की सिमेंटसारखी होते. तिचा कण पिनेत अडकला तर मोजून झाल्यावर व्हॉल्व्ह गळत राहतो आणि दोष गेजवर येतो.

गेज सरळ धरून एका झटक्यात दाबा. सुरुवातीला क्षणभर फुस्स झालं तर हरकत नाही. सतत फुसफुसत असेल तर गेज तिरका बसलाय, तो आकडा धरू नका. दोनदा मोजा आणि दोन्ही जुळले की लिहा. क्रम ठरवून घ्या: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा आणि शेवटी स्टेपनी. दरवेळी तोच क्रम ठेवला की वहीत घोळ होत नाही.

पायाने लाथ मारून किंवा अंगठ्याने दाबून हवा कळत नाही. आजच्या रेडियल टायरचा खालचा भाग नीट हवा असतानाही किंचित फुगलेला दिसतो आणि २५ चा टायर ३३ च्या टायरसारखाच दिसतो. डोळ्यांना कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

## टप्पा ५. भरा

घरी १२ व्होल्टचा छोटा इलेक्ट्रिक पंप असेल तर काम सोपं. गाडी सुरू ठेवून (अंगणात, बंद गॅरेजमध्ये नको) पंप लावा, ठरलेल्या आकड्यापेक्षा एक पीएसआय जास्त भरा, कारण आट्यांची नळी सोडवताना थोडी हवा जाते. मग आपल्या गेजने मोजा. हे पंप सलग चालवायला केलेले नसतात, दहाएक मिनिटांनी विश्रांती द्या. भरल्यावर लगेच नळीच्या पितळी तोंडाला हात लावू नका, चांगलंच भाजतं.

घरी पंप नसेल तर पेट्रोल पंपावर जावं लागतं आणि खरी गफलत तिथे होते. पंप चार-पाच किलोमीटरवर असतो, तिथे पोचेपर्यंत टायर तापतो. मग गार आकडा कसा साधायचा? असा:

१. घरी पहाटे गार टायर मोजा. समजा आकडा ३३ हवा आणि निघाले २९. तूट ४. चारही टायरची तूट कागदावर लिहा.

२. पंपावर पोचल्यावर त्याच गेजने पुन्हा मोजा. समजा आता ३१ दिसतात.

३. ३१ मध्ये तूट मिळवा. ३५ पर्यंत भरा. पोरगं म्हणेल, "भाऊ, कंपनीचा तर ३३ आहे." हसून ३५ च भरून घ्या.

४. दुसऱ्या दिवशी पहाटे मोजून बघा. ३३ च्या आसपास मिळेल. एखादा पीएसआय इकडेतिकडे असेल तर असू द्या.

लांबच्या रस्त्यावर असताना आणि घरचा गार आकडा नसताना हवा कमी वाटली तर? तापलेल्या टायरला स्टिकरच्या आकड्यापेक्षा चार पीएसआय जास्त भरा आणि मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी पुन्हा तपासा. जास्त निघाली तर गार असताना काढा.

पंपावरच्या डिजिटल मशीनला आकडा लावून दिला की ते भरून झाल्यावर पीप वाजवतं. ते सोयीचं खरं, पण ते तुमच्या गेजशी जुळतं का हे एकदा पाहून ठेवा. आमच्या नेहमीच्या पंपाचं मशीन दोन पीएसआय कमी भरतं, म्हणून मी तिथे दोन वाढवून लावायला सांगतो. आणखी एक: पोराने आधीच्या गाडीचा आकडा तसाच ठेवलेला असतो. समोरची गाडी मोठी एसयूव्ही असेल तर तुमच्या गाडीत तिची हवा जाते. गाडीतून उतरा आणि स्क्रीन बघा. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, ती सोय देणं पंपाला बंधनकारक आहे. कोणी पैसे मागितले तर विचारा. खुशीने दिले तर प्रश्न नाही.

सावध: पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. नळीचं तोंड हातावर दाबल्यावर पाण्याचे तुषार आले तर तिथे भरू नका.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. निव्वळ नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, पण तापल्यावर तोही फुगतो आणि त्याचाही आकडा तोच. तोटा एकाच ठिकाणी होतो: नायट्रोजन भरला म्हणून लोक महिनोन्‌महिने बघत नाहीत किंवा साक्रीच्या पुढे २६ झालेली असतानाही "नायट्रोजनवालाच भरेल" म्हणून तसेच कोंडाईबारीचा घाट उतरतात. साधी हवा मिसळली तर काहीही बिघडत नाही.

## टप्पा ६. गळती बघा, मग टोपी लावा

भरून झाल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर पिन ढिली किंवा खराब. पिन बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. व्हॉल्व्हचा रबरी दांडा अंगठ्याने हलकेच वाकवून बघा. बुडाशी भेगा दिसल्या तर पुढच्या वेळी टायर खोलतील तेव्हा पूर्ण व्हॉल्व्ह बदलून घ्या. नवे टायर टाकताना हे सांगावं लागतं, नाहीतर जुनाच व्हॉल्व्ह राहतो.

टोपी शोभेची वस्तू नाही. ती माती आणि पाणी बाहेर ठेवते. प्लॅस्टिकचीच वापरा, पोरं लावतात त्या चमकदार धातूच्या टोप्या गंजून अशा बसतात की पक्कडनेही निघत नाहीत आणि जोर लावला की व्हॉल्व्हच तुटतो.

एकाच टायरची हवा वरचेवर कमी होत असेल तर त्याची कारणं आपल्याकडे ठरलेली आहेत. बाभळीचा काटा. शेतरस्त्यावर उपटून टाकलेली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) किंवा कापून राहिलेले तिचे खुंट. तिरके कापलेले असले की ते सुळ्यासारखे घुसतात. खड्ड्यात आपटून वाकलेली रिम. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसला तरी हवा एकदम जात नाही, आठवड्याला चार-पाच पीएसआय अशी जाते. असा खिळा किंवा काटा दिसला तर रस्त्यात उपटू नका, तोच बूच झालेला असतो. हवा भरून पंक्चरवाल्यापर्यंत जा. छिद्र जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल तर दुरुस्त होतं, बाजूच्या भिंतीत असेल तर टायर बदलायचा, मग दुकानदार काहीही म्हणो.

## टप्पा ७. स्टेपनी

तिला वर्षभर कोणी बघत नाही. कव्हर काढा, सामान बाजूला करा आणि मोजा. पूर्ण साइजची असेल तर भरलेल्या गाडीच्या रकान्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवा. काढून कमी करता येते, रानात भरता येत नाही. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावरच आकडा लिहिलेला असतो, बहुधा ६० पीएसआय, आणि तिच्यावर ताशी ८० च्या वर जायचं नाही. तिला पंपावरच्या पोराने ३२ भरलेली मी पाहिली आहे.

काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, फक्त दुरुस्तीचा संच आणि हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा असते. नियमानेच २०२० पासून अशी सूट आहे. तुमची गाडी त्यातली आहे का, हे घाटात कळण्यापेक्षा आज डिकी उघडून बघा.

## टप्पा ८. नोंद ठेवा

महिन्यातून दोनदा आणि लांब प्रवासाच्या आदल्या दिवशी पहाटे. वहीत तारीख, वेळ, चार आकडे, एवढंच. तीन नोंदींनंतर वही बोलायला लागते:

चारही टायर सारखेच एक-दोन पीएसआय उतरले असतील तर ते नेहमीचं झिरपणं किंवा थंडी. एकच टायर इतरांपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे, टप्पा ६ कडे जा. चारही अचानक पाच-सहाने कमी दिसले तर आधी गेजचा सेल बघा.

टायरची झीजही वाचा. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल तर कमी हवेवर बरेच दिवस गाडी चालली आहे. मधला भाग झिजला तर जास्त हवेवर. एकच कड झिजली तर हवेचा दोष नाही, अलाइनमेंट (चाकांचा कोन) करून घ्या. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर उरली की टायर संपला. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे दिलेले असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की समजायचं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंकी आकडा असतो तोही लिहून ठेवा. ३५२२ म्हणजे २०२२ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला. आपल्या उन्हात वर्षानुवर्षे बाहेर उभ्या गाडीच्या टायरला नक्षी भरपूर असूनही भिंतीवर बारीक भेगा पडतात. अशा टायरमध्ये कितीही काटेकोर हवा भरली तरी भरवसा नाही.

## टप्पा ९. दिवा आणि सेन्सर: काय ऐकायचं, काय नाही

टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, दोन जातीची असते. तुमच्या गाडीत कोणती आहे ते पुस्तिकेत बघा, कारण दोघींच्या खोडी वेगळ्या.

पहिलीत प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि स्क्रीनवर चार आकडे दिसतात. हे आकडे त्या क्षणाचे, तापलेले असतात. मे महिन्यात महामार्गावर ३९-४० दिसले तर घाबरून थांबू नका. सकाळी ३३ होते का एवढंच महत्त्वाचं.

दुसरीत सेन्सर नसतो. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांचा जो वेग मोजते त्यावरून ती अंदाज बांधते: हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त वेगाने फिरतं. पण चारही टायर सारखेच कमी झाले तर तिला फरकच दिसत नाही आणि आपल्याकडे नेमकं तेच होतं, कारण आपण चारही टायर एकदम विसरतो. हिला हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं. दिवा लागला की हवा न भरता नुसतं रीसेट दाबणारे लोक आहेत. तसं केलं की कमी हवा हीच योग्य, असं गाडी शिकते आणि पुढे गप्प बसते.

पडताळा: गाडी सुरू केल्यावर टायरचा दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर यंत्रणेतच बिघाड आहे. सुरुवातीपासून स्थिर पेटला तर हवा कमी आहे. कारखान्यातून आलेली यंत्रणा साधारण २०-२५ टक्के हवा उतरल्यावर दिवा लावते, म्हणजे ३३ चे २५-२६ झाल्यावर. तोवर टायर बराच सोसून बसलेला असतो. दिवा लागत नाही म्हणून गेज गुंडाळून ठेवू नका.

बाहेरून व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर घेतले असतील तर खालचा इशारा आपल्या आकड्यापेक्षा १०-१५ टक्के कमी ठेवा (३३ असेल तर २८-२९) आणि वरचा २५ टक्के जास्त, ४१-४२. नवीन डब्यातून आलेले आकडे तसेच ठेवले तर उन्हाळ्यात तो दिवसभर ओरडतो आणि वैतागून लोक आवाज बंद करतात. हे सेन्सर व्हॉल्व्हची पिन सतत दाबून धरतात, म्हणून बसवल्यावर साबणाचं पाणी लावायला विसरू नका.

## लांब निघताना आणि रस्त्यात

चैत्रात सप्तशृंगीला जाताना नांदुरीचा घाट, सुट्टीत चाळीसगावहून कन्नडचा घाट, किंवा संभाजीनगरहून समृद्धीला लागून नागपूर. पहिल्या दोन्हींत उतरताना ब्रेक तापतात आणि ती उष्णता रिममधून टायरमध्ये जाते. तिसऱ्यात ताशी १२० ची मुभा आणि तासन्‌तास न थांबता धावणं. तिन्हीसाठी तयारी एकच: आदल्या पहाटे, किती माणसं आणि किती सामान त्याप्रमाणे योग्य रकान्याचा आकडा भरा. निघायच्या सकाळी घाईत भरायला ठेवू नका, कारण गळती असेल तर ती रात्रभरात कळते.

दर दोन तासांनी थांबाल तेव्हा गाडीभोवती एक चक्कर मारा आणि प्रत्येक टायरवर तळहात क्षणभर टेकवा. चारही सारखे गरम असले तर ठीक. एकच टायर बाकीच्यांपेक्षा फार गरम लागला तर त्यात हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक धरतोय. रिमला मात्र हात लावू नका, विशेषतः घाट उतरल्यावर.

चालत्या गाडीत स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं किंवा दिवा लागला तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या आणि डावीकडे पूर्ण बाहेर घ्या. थांबल्यावर मोजा. २० च्या खाली असेल तर हवा भरून तसंच पुढे जायचा मोह आवरा: त्या टायरवर किती किलोमीटर चाललो हे आपल्याला माहीत नसतं आणि भिंत आतून कुसकरलेली असेल तर बाहेरून दिसत नाही. स्टेपनी लावा. तो टायर नंतर दुकानात खोलून आतून बघायला सांगा. आत काळी पूड सांडली तर पंक्चर काढून परत लावू नका.